आत बाई गाते की नाही

३ जानेवारी ९२, शुक्रवार

प्र. धुळ्याहून जळगावला साडेअकराच्या एस.टी.नं आला. दारात चपला निघायच्या आधी प्रश्न, "आली का?" जयभीम नाही, पाणी नाही. प्रभाकररावांना या घरी एकाच गोष्टीची ओढ, जपानच्या कॅसेटची. बाकी आम्ही आपले घरातले खांब.

आली होती. केंजीनं ओसाकाहून पाठवलेला पुडा, आत तीन. भाऊनं त्याच्या कामाच्या लॉजवरून तसाच बंद आणून ठेवलेला. नियमच आहे, तिघं जमल्याशिवाय पुडा फोडायचा नाही. तिघं म्हणजे माझा भाऊ, त्याचा आय.टी.आय.चा दोस्त प्र. आणि मी. सगळ्या खानदेशात हे ऐकणारे आम्ही तिघंच असणार. चौथा कुणी असेल तर त्याच्या घरच्यांची कीव येते.

वरचं जपानी कुणाला वाचता येतंय! चित्र बघून नावं ठेवतो. एकीवर पाण्याची टाकी, ती टाकीवाली. एकीवर नुसते दात, ती दातवाली. तिसरीवर काहीच नाही, पांढरी फटक. ती कोरी.

टाकीवाली लावली तर पाचव्या मिनिटाला शेजारचे नाना भिंतीवर काठी आपटायला लागले. नानांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, त्यामुळे संगीतातलं सगळं त्यांनाच कळतं. मग दारातच येऊन उभे, "ओ पोरी, हाई गानं शे का डाळमिल शे?"

प्र. म्हणाला, "नाना, डाळमिलच शे. मन लाईसन ऐका ना."

हसून हसून पोट दुखलं.

१७ जाने., शुक्र.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझरबाईंनी विचारलं, दर शुक्रवारी ड्यूटी बदलून घेतेस, कोण येतं? म्हटलं, भावाचा मित्र, त्याच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, आम्ही गाणी ऐकतो. "कोणती गाणी?" काय सांगणार, कप्पाळ! म्हटलं, परदेशी.

खरं सांगायचं तर असं झालं. दोन वर्षांपूर्वी केंजी अजिंठा बघायला आला आणि भाऊच्या लॉजवर कावीळ होऊन बारा दिवस पडला. मायनं रोज त्याच्यासाठी ताक आणि मऊ भात नेऊन दिला. जाताना पोरगं मायच्या पाया पडलं, वॉकमन आणि सहा कॅसेटी ठेवून गेलं. आम्ही लावून पाहिल्या, वाटलं बिघडल्यात. गिटार म्हणायचं तर पत्रा फाडल्यासारखी. कुणी ओरडतंय, मागे काहीतरी जळतंय. भाऊ फेकायला निघाला होता. त्या दिवशी प्र. आलेला. त्यानं कानाला लावून तासभर ऐकलं. मग म्हणाला, "हा आमच्या कारखान्यातलाच आवाज आहे. पण हा कुणीतरी मान देऊन ऐकलाय."

तो यंत्रमागाचा जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सतराव्या वर्षापासून त्याच खडखडाटात उभा.

त्या एका वाक्याला मी भुलले. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय.

३१ जाने., शुक्र.

कोरीची दुसरी बाजू. बावीस मिनिटं एकसारखा घोंगावणारा आवाज, चढत नाही, उतरत नाही. भाऊ दहाव्या मिनिटाला घोरायला लागला. मी डोळे मिटून ऐकत होते, आणि अगबाई, आत बाई! त्या सगळ्या गोंगाटाच्या मागे, लांब, बारीक आवाजात बाई गाते आहे. काम करता करता आपल्याच नादात गावं तशी. थोडा वेळ गाते, थांबते, परत गाते. अंगावर काटा आला.

प्र.ला म्हटलं, "ऐकलंत? ती बाई?"

तो स्पीकर दोन्ही गुडघ्यांत धरून, त्यावर तळहात टेकून बसतो. त्याची बसायची रीतच ती. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कोणती बाई? आत कुणी नाही. म्हणून तर ती सगळ्यात भारी आहे."

म्हटलं, आहे. तो म्हणाला, नाही. गाडीची वेळ होईपर्यंत आहे-नाही, आहे-नाही.

९ फेब्रु.

प्र.चं आंतरदेशीय पत्र, बारीक अक्षरात कडेपर्यंत लिहिलेलं. थोडं उतरवून ठेवते.

"तुम्हाला आत बाई हवी, कारण तुम्हाला आवाजाचं कारण हवं. लोक आमच्या कारखान्यात येतात, कानावर हात ठेवतात, आणि विचारतात, इथं तुम्ही कसे राहता? जसं काही आवाजाच्या पलीकडे एक चांगली जागा आहे आणि आम्ही अलीकडे अडकलोय. ओसाकावाले म्हणतात की पलीकडे काही नाही. हाच आवाज पूर्ण आहे, यातच बसा. मला हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. त्यात बाई घुसवू नका."

वाचून वाटलं, किती शहाणा माणूस. दुसऱ्यांदा वाचून वाटलं, किती हेकट. बाई मी घुसवली? तिथे आहे ती!

२८ फेब्रु., शुक्र.

प्र. आला नाही, माग बंद पडलेत म्हणून सुट्टी गेली. दुपारी बूथवरून फोन केला. माझ्याच बोर्डावर आला, इतका आनंद झाला. मी बोलतेय, बोलतेय, आणि पलीकडून नुसतं, "हॅलो! हॅलो! लाईन खराब आहे, काही येत नाही, पत्र टाका!" आणि ठेवला. लाईन कुठली खराब! काचेसारखी स्वच्छ होती. आठ वर्षं धुळ्याच्या लाईनी लावतेय, मला शिकवतोय. ट्रंक ऑपरेटरशी ज्याला फोनवर बोलायचं नसतं, त्यानं तसं सांगावं सरळ.

६ मार्च, शुक्र.

आज आला. शेंगदाण्याची चिक्की आणली, म्हणजे माफी. मी रुसून फार वेळ बसू शकत नाही, हा माझा दुर्गुण.

मला हे संगीत का आवडतं ते आज मी सांगितलं, इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं. बोर्डावर दिवसभर कान लावून बसायचं. अमक्याची आई गेली, तमक्याचं जमलं नाही, केळीचा भाव पडला. लोक रडतात आणि आपण म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" आठ तासांनी कान काढून फेकावेसे वाटतात. साधं गाणं लावलं तरी तेही काहीतरी मागतं, रडा म्हणतं, हसा म्हणतं. हा गोंगाट काही मागत नाही. त्यात मी बसते, आणि मग हळूच ती बाई येते. ती पण काही मागत नाही.

प्र. एकटक माझ्या ओठांकडे बघत ऐकत होता. असं कुणी माझं बोलणं कधी ऐकलं नाही. भाऊ खाकरला, तेव्हा मी पदर सावरला.

मग म्हणाला, "तुम्ही सांगता ते सगळं पटलं. फक्त बाई सोडून."

डोंबल!

२७ मार्च, शुक्र.

भांडण. खरंखुरं. त्यानं आज भाऊसमोर म्हटलं की बाई ऐकू येणं म्हणजे भित्रेपणा, उघड्या आवाजात राहायची हिंमत नाही म्हणून माणूस आत कुणीतरी ऐकतो. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, "हिंमतीचं काय सांगता? तुम्हाला कान नाहीत. नुसता कोरडा माणूस, आत कुणी गात असेल तर ऐकू येणार कसं!"

तो उठून चपला घालायला लागला. मला वाटलं, जिंकले.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. मिरवणुकीला प्र. मुद्दाम धुळ्याहून आला, रजा काढून. बँड, ताशे, स्पीकर लावलेली गाडी. माझे तर कान बसले. हा त्या गाडीच्या अगदी स्पीकरला चिकटून चालत होता, आणि चेहरा असा फुललेला! पांढरा शर्ट, कपाळावर निळा टिळा. गर्दीत मी दोनदा हाक मारली, वळला नाही. म्हटलं, भाव खातोय.

माय म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं." एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

८ मे, शुक्र.

भाऊनं विषय काढला. प्र.ची बाजू तयार आहे. त्याला आईवडील नाहीत, मोठी बहीण अक्का अमळनेरला, तिनंच वाढवला. बावीस तारखेला अक्का येणार बोलणी करायला. आबा म्हणाले, "मुलीला विचारा." मुलगी दाराआड उभी होती, तिला विचारायची काय गरज!

अठ्ठावीस वर्षांची घोडी झाले, आणि आज दाराआड बसून लिहितेय. मला तो हवा आहे. बस. लिहून टाकलं.

१५ मे, शुक्र.

उन्हाचा कहर, पंखा गरम वारा फेकतोय. प्र. आला नाही, बोलणी व्हायच्या आधी येणं बरं दिसत नाही म्हणे. मी स्टेशन रोडच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले. कोरीची दुसरी बाजू अशी उतरवून घेतली की जाड आवाज दाबून बारीक आवाज वर येईल. तो माणूस म्हणाला, "ताई, ह्यात गाणं कुठंय?" म्हटलं, थांबा. आणि आली ती. स्वच्छ. रेकॉर्डिंगवाल्यानं हातातला चहा खाली ठेवला. "हां ताई, बाई आहे."

आता बघते. लग्नाआधी एक तरी वाद जिंकून ठेवावा, पुढे जन्मभर कामाला येईल.

२२ मे, शुक्र.

लिहवत नाही.

२३ मे

काल काय झालं ते लिहायलाच हवं, नाहीतर मी त्यातही स्वतःला चांगलं दाखवीन.

अक्का आणि प्र. दहा वाजता आले. अक्का साधी, गोड बाई. मायच्या हाताला हात लावून म्हणाली, "मन्हा भाऊले माय नही, आते तुम्हीच." नाना पण येऊन बसले, बोलावल्याशिवाय. पोहे झाले. बोलणी सुरू व्हायची होती. आणि मी, आगाऊ भवानी, म्हटलं, "थांबा, आधी आमचा एक वाद मिटवायचाय." सगळ्यांना कौतुक. टू-इन-वन खोलीच्या मध्यावर आणून ठेवला, आत रेकॉर्डिंगवाल्याकडची नवी कॅसेट. म्हटलं, बाई गायला लागली की हात वर करायचा, थांबली की खाली.

लावलं. बाई आली. अक्कानं हात वर केला. मायनं स्वयंपाकघराच्या दारातून केला. नाना, ज्यांना हे गाणंच वाटत नाही, त्यांनीसुद्धा केला. प्र.नंही केला, जरा उशिरा. मी पाहिलं की तो आमच्याकडे बघून करतोय. म्हटलं, "नक्कल नको, प्रभाकरराव. भिंतीकडे तोंड करा."

तो हसला. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.

बाई गायली. त्याचा हात खालीच. बाई थांबली. मग त्याचा हात वर गेला. नाना हसले, "आरे भो, ती तं गई ना!" मी पण हसले. हो, मी हसले. बाई परत गायली, त्यानं हात खाली घेतला. ती थांबली, आणि तो परत वर गेला, आणि तसाच राहिला. गाणं नाही, काही नाही, नुसती घरघर, आणि याचा हात वर. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा तो हात. मी म्हटलं, "प्रभाकरराव." ऐकलं नाही. परत म्हटलं. ऐकलं नाही. मी त्याच्या पाठीमागे तीन हातांवर होते.

अक्का उठली आणि तिनं त्याचा हात धरून खाली केला.

तो वळला. सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, एकेकाच्या. शेवटी माझ्या. मग म्हणाला, "हां. म्हणजे आहे ती."

साडेबाराच्या गाडीनं दोघं गेले. बोलणी राहिली ती राहिलीच.

२४ मे

मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

२९ मे, शुक्र.

आला नाही. टू-इन-वन मायनं कपाटावर टाकला, वर चादर घातली. नाना दुपारी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "मी हासनू, पोरी. हासाले नको व्हतं." नानांचा राग करायचा होता, जमला नाही. हसायला सुरुवात कुणी करून दिली?

५ जून, शुक्र.

भाऊ धुळ्याला जाऊन आला. प्र.ला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरनं कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज सोडले, ऐकू आला की बोट वर करा म्हणाले. प्र.नं बोट वर केलंच नाही. बाहेर येऊन भाऊला म्हणाला, "डॉक्टरची कॅसेट अगदीच कोरी निघाली." असलं बोलतो तो माणूस. भाऊ सांगताना रडत होता.

बारा वर्षं मागांमध्ये कान उघडे ठेवून उभा. शिरा मेल्या, परत येत नाहीत. आधी बारीक आवाज जातात. पाखरं, बांगड्या, कुकरची शिट्टी. मग पोरांचे आणि बायकांचे. जाड आवाज उरतात, तेही काही वर्षं.

मी विचारलं, "माझा?"

भाऊ उठून पाणी प्यायला. मग म्हणाला, "दोन वर्षं तो तुझं तोंड बघूनच समजतोय. कारखान्यात सगळे तसंच बोलतात, त्याला सवय आहे. त्याला वाटायचं की सगळ्यांनाच एवढंच ऐकू येतं. तू हळू बोलतेस असं वाटायचं."

मी हळू बोलते! मी! गल्लीच्या टोकापर्यंत जातो माझा आवाज.

६ जून

म्हणजे ते ओठांकडे बघणं.

रात्रंदिवस मनात तेच घोळवलं मी, माझ्याकडे कसा बघतो, कसा बघतो. आणि तो बिचारा ऐकत होता. नुसतं समजून घ्यायला धडपडत होता. मग प्रेम होतं की नव्हतं? का तेच होतं? कुणाला विचारू.

आणि मी काय म्हटलं होतं? तुम्हाला कान नाहीत. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यावरूनच.

७ जून

आज कळतंय की आमचा वाद कधी वाद नव्हताच. चार महिने आम्ही मोठमोठ्या गोष्टी बोललो, पलीकडे काय, अलीकडे काय, हिंमत, भित्रेपणा, मान. दुसरा कुणी साधा माणूस असता, सिनेमाची गाणी ऐकणारा, तर त्यानं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, अरे, तुला ऐकू येत नाही का? आणि डॉक्टरकडे नेलं असतं. आम्ही शहाणे. आम्हाला वाटलं की त्याचं मत आहे.

१९ जून, शुक्र.

अक्काचा निरोप भाऊकडे. "तुम्हनी पोरना काही दोष नही. पन पुढलं बोलनं आते नको." तिनं मला दोष नाही म्हटलं, त्यानं जास्त लागलं.

इकडे माय. "सुटलीस समज. बहिऱ्याच्या गळ्यात बांधणार होतो तुला." मी ताट सरकवलं. "माय, केंजीला आपलं एक अक्षर कळत नव्हतं, बारा दिवस तू त्याच्याशी बोललीसच ना?" माय म्हणाली, "तो पाहुणा होता. नवरा जन्माचा असतो." आबा पेपर घेऊन ओट्यावर गेले.

२३ जून

तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. आज माझ्याच बोर्डावरून कारखान्याच्या ऑफिसला ट्रंक लावला. मुनीम म्हणाला, "जॉबर फोनवर येत नाही, बाई. निरोप सांगा." निरोप काय सांगू? लाईन धरून बसले. तीन मिनिटं झाली. शेजारची ऑपरेटर म्हणाली, "वाढवायचं का?" तिला काही माहीत नव्हतं, सवयीनं म्हणाली.

२९ जून

पार्सल आलं. त्यानं ऐकायला नेलेल्या चारही कॅसेटी आणि वॉकमन, धोतराच्या कापडात नीट गुंडाळून. आत चिठ्ठी.

"सुजाताताई, तुमचं बरोबर होतं. आत बाई गाते. आता या कॅसेटी तुमच्याकडेच राहू द्या, ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे असाव्यात. केंजीला माझा नमस्कार लिहा. जयभीम. प्रभाकर."

ताई. दोन वर्षांत कधी ताई म्हटलं नव्हतं.

मी हरले असते ना, आनंदानं हरले असते. आत कुणी नाही, मला भास झाला, असं सगळ्यांसमोर म्हटलं असतं. मला कुणी आधी सांगायचं होतं.

३ जुलै, शुक्र.

कोरी लावली. ऐकवत नाही. ती बाई आली की बटण दाबते. किती निवांत गाते ती, तिला काय माहीत.

९ जुलै, गुरुवार

धुळ्याला जाऊन आले. घरी सांगितलं होतं, एक्स्चेंजचं काम आहे.

गाडीत एरंडोलपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, पारोळ्यापुढे ती सगळी विसरले. कारखाना विचारत विचारत सापडला. फाटकाशी एक म्हातारे विणकर बाकावर चहा पीत होते, रहीमचाचा. प्र. त्यांचं नाव घ्यायचा नेहमी. म्हटलं, प्रभाकरना भेटायचंय. त्यांनी मला वरून खालून पाहिलं. "जलगाँववाली? टेलिफोनवाली?" म्हणजे तिथे माझं नाव निघत होतं. एवढ्यानंही बरं वाटलं, इतकी मी भिकेला लागलेय.

ते आत घेऊन गेले. चोवीस माग. दार उघडलं आणि मी तिथेच थांबले. हा आवाज मी दोन वर्षं ऐकलाय, पण खोलीत, चहा पीत, आवडला नाही तर बटण दाबून. इथे तो पायांतून वर येतो, दात हलतात. मी ऐकत उभी राहिले, सवयच ती, आत कुणी आहे का. कुणी नव्हतं. पुरता, भरलेला आवाज, फटसुद्धा नाही. त्याचंही खरं होतं. हे त्याला सांगायला हवं होतं, ते राहिलंच.

तो सहा माग पलीकडे होता. मागाच्या चौकटीवर तळहात टेकून उभा, डोळे मिटून. हातानं बिघाड शोधत होता. मग मान वर करून दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाला काहीतरी म्हणाला, नुसत्या ओठांनी, आणि तो माणूस तिथून हसला, उलट काही म्हणाला. चौघेजण त्या आवाजात आरामात गप्पा मारत होते. त्यांच्यात बहिरी एकटी मीच.

मग त्यानं मला पाहिलं.

पुढे जायचं होतं, पण मध्ये सहा माग चालू होते. म्हणून तिथूनच बोलले. आवाज काढून उपयोग नव्हता, मलाच माझा ऐकू येत नव्हता. म्हटलं, मी चुकले. म्हटलं, मला तुमचे कान नकोत, तुम्ही हवेत. मायचं मी बघून घेईन. ताई म्हणू नका मला. म्हटलं, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचे ते मला आवडायचं, कशाहीसाठी बघत असा. असं मी आयुष्यात कुणासमोर बोलले नसते, पण तिथे मला कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटलं. मूर्खासारखं. चोवीस मागांवरच्या प्रत्येकानं वाचलं असणार.

त्यानं पाना खाली ठेवला. आणि तो बोलला. एक शब्द नाही, चार-पाच वाक्यं तरी असतील. शांतपणे, न थांबता. एकदा कानाला बोट लावलं, एकदा दाराकडे हात केला, की माझ्याकडे, कळलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, पण रागाचंही असू शकतं. मी सगळा जीव डोळ्यांत आणून बघत होते. काही म्हणजे काही समजलं नाही. मी मान हलवली, नाही कळलं म्हणून. त्याला ते काय वाटलं कोण जाणे. त्यानंही मान हलवली, आणि परत मागावर हात ठेवून वाकला.

बाहेर आल्यावर चाचांना विचारलं, काय म्हणाले? ते शेजारीच होते, त्यांनी सगळं वाचलं होतं. म्हातारे डोळे पुसत होते. म्हणाले, "बेटी, वो उसने तुमको बोला. मैं बोलूँगा तो मेरी बात हो जाएगी. उसी से पूछो."

पाळी आठला सुटणार होती. थांबले असते तर कळलं असतं. थांबले नाही. भ्याले. पाचची गाडी धरली.

घरी आल्यावर मायला खरं सांगून टाकलं, लपवायचं काय राहिलंय. माय भाकरी टाकत होती, रागवली नाही. भाकरी उलटून म्हणाली, "मग? काय म्हणाला?"

म्हटलं, "खूप बोलले. मला ऐकू आलं नाही."

माय म्हणाली, "मग जरा मोठ्यानं बोला म्हणायचं ना त्याला."

मी ताटावरून उठले.